दिवस सोडू नकोस

अगं, सगळ्यांत आधी ते ओशाळणं बंद कर. ‘ताई, यंदा गुड फ्रायडेलासुद्धा चर्चला जाणं होणार नाही,’ हे सांगताना तुझा आवाज केवढा खाली गेला होता! पदरात तान्हं लेकरू, नवऱ्याची बदली आडवळणाच्या तालुक्याला, सगळ्यांत जवळचं चर्च एसटीनं दोन-अडीच तासांवर, तेही एसटी वेळेवर आली तर. यात तुझा काय गुन्हा?

आणि तू काही एकटी नाहीस. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात म्हणून उंबरा ओलांडता न येणाऱ्या आहेत. कुवेत-कतारला नर्सिंगला गेलेल्या आपल्या मुली आहेत. तिकडे रविवार कामाचा, म्हणून तिथली चर्चं मोठी उपासना शुक्रवारी घेतात. पण शुक्रवारीही ड्युटी लागली की आटोपलं. माझीच नोकरी बघ ना. मिशनच्या दवाखान्यात बहुतेक सिस्टर ख्रिस्ती. नाताळला रजा सगळ्यांनाच हवी, आणि पेशंट काही नाताळ बघून बरे होत नाहीत. त्यामुळे सण वॉर्डात नाहीतर खोलीवर पाळायची मला सवयच लागली. त्यातलं जे उपयोगी पडलं तेवढंच तुला सांगते. उपदेश करायला पाळकसाहेब आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: चर्च सुटलं तर सुटू दे, दिवस सोडू नकोस.

होतं काय, की चर्चला जाता येत नाही म्हटल्यावर आपण सगळा दिवसच सोडून देतो. धुणं, भांडी, डबे, बाळाची रडारड यात संध्याकाळ होते आणि मग आठवतं, अगंबाई, आज झावळ्यांचा रविवार होता! असं दोन-तीन वर्षं झालं की वर्षाची घडीच विस्कटते. मग नाताळ म्हणजे फक्त केक आणि ईस्टर म्हणजे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र.

प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात योहान स्वतःबद्दल काय सांगतो ते बघ. तो पात्म बेटावर अडकून पडलाय, भोवती समुद्र, मंडळी दूर पलीकडच्या किनाऱ्यावर. पण त्याला जे दर्शन झालं ते कुठल्या दिवशी झालं, हे तो आवर्जून नोंदवतो. प्रभूचा दिवस. बेटावर एकटा असूनही त्याला वार माहीत होता.

जपानची गोष्ट तर मी नर्सिंगच्या पोरींना कायम सांगायचे. तिथं १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. मिशनरी हाकलले, चर्चं पाडली, लोकांचे हाल केले. पुढची अडीचशे वर्षं नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी गुपचूप, पाळकाशिवाय विश्वास जपला. गावात माणसं नेमलेली असायची. बाप्तिस्म्याचं पाणी घालणारा एक, आणि पंचांग सांभाळणारा एक. आज कुठला दिवस, उपास कधी, सण कधी, हे त्यानं सांगायचं. १८६५च्या १७ मार्चला नागासाकीत नव्यानं बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही शेतकरी येऊन उभे राहिले. फादर पेतिजाँ नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंना त्यांनी हळूच सांगितलं की आमचा विश्वास तुमचाच आहे, आणि सध्या आमचा दुःखाचा काळ चाललाय, आज त्याचा सतरावा दिवस. दुःखाचा काळ म्हणजे लेंट; तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्या वर्षी तो बुधवार १ मार्चला होता. मोजून बघ, सतरावाच येतो. सात पिढ्या चर्च नाही, पण लेंटचा दिवस एकानंही चुकला नाही!

म्हणून पहिलं काम कर. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनानं दिवस ठळक कर. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते म्हणून गोंधळतेस ना? हिशेब सोपा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्याकडे ती पौर्णिमा बहुतेक वेळा होळीची असते नाहीतर हनुमान जयंतीची. २०२६चं घे: हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ला होळीची पौर्णिमा झाली की २८ मार्चला ईस्टर. तिथून ४६ दिवस मागं गेलीस की राखेचा बुधवार. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. ईस्टर धरून पुढं चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहण. पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळचा. एवढं लिहिलंस की वर्ष हातात आलं.

आता ‘घरात कसलं आलंय पाळणं’ असं मनात येईल, तर तेही बोलते. वल्हांडणाचा सण मुळात घराघरांतला. निर्गमच्या बाराव्या अध्यायात मंदिर नाही, व्यासपीठ नाही. घरटी एक कोकरू, दाराच्या चौकटीवर रक्ताची खूण, आणि पोरं विचारतील की हे सगळं कशासाठी, तेव्हा काय सांगायचं त्याचीसुद्धा सूचना. पहिल्या विश्वासणाऱ्यांकडे चर्चची इमारत होती कुठं? प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. फिलिप्पैला लुदियेच्या घरी माणसं जमायची. सिरियात दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं एक घर उकरून निघालंय. दोन खोल्यांमधली भिंत काढून तिथं उपासनेसाठी मोठी खोली केली होती. आणि आपल्या नगरकडच्या खेड्यांत? अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, पण गावोगाव लगेच चर्चं उभी राहिली नाहीत. शास्त्र वाचून दाखवायला बायबल वूमन दारी यायच्या आणि ओसरीवर बायका ऐकत बसायच्या. आपल्या पणज्यांचा विश्वास असा ओसरीवरच वाढला.

मग करायचं काय? मी स्वतःला एक नेम घालून घेतला होता. कुठलाही सण असो, तीन गोष्टी करायच्या: एक वाचन, एक हातानं करायचं काम आणि एक माणूस. वाचन मोठ्यानं, आपल्याच कानांना ऐकू जाईल असं. हाताचं काम अशासाठी, की मन भरकटलं तरी शरीराला कळतं आज काहीतरी वेगळं आहे. आणि माणूस अशासाठी, की एकटीनं पाळलेला सण लवकर आंबतो. कुणाला फोन कर, कुणाला डबा दे, कुणाची विचारपूस कर. याच्या वर जे होईल ते वाढीव समज.

पवित्र आठवड्याचंच बघ, कारण तुझी खरी हुरहुर त्याचीच आहे.

झावळ्यांच्या रविवारी शहाळीवाल्याकडून नारळाची एक झावळी माग. तो फुकट देतो, वर विचारतो, कशाला हवी? सांग त्याला. मत्तय २१ वाच, झावळीच्या पात्याचा छोटा क्रूस वळ आणि तसबिरीमागं खोचून ठेव. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी तोच वाळका, पिवळा पडलेला क्रूस पणतीत जाळायचा आणि स्तोत्र ५१ वाचायचं. चर्चमध्येही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांचीच असते. एका वर्षाचं टोक दुसऱ्या वर्षाला असं घरातल्या घरात जोडलं जातं.

गुरुवारी रात्री योहानाचा तेरावा अध्याय, पाय धुण्याचा. हा दिवस घरात चर्चपेक्षाही चांगला होतो, असं माझं मत आहे. चर्चमध्ये पाळक निवडक बारा जणांचे पाय धुतात, आणि ते बारा जण घरून स्वच्छ पाय धुऊन आलेले असतात! आमच्याकडे एका वर्षी बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता, जिना उतरायची सोय नव्हती. आईनं स्वयंपाकघरात लग्नातली पितळी परात मांडली, तांब्यात कोमट पाणी घेतलं, खांद्यावर पंचा टाकला. ती खाली बसणार तोच बाबा म्हणाले, थांब, आज मी. प्लास्टरचा पाय लांब करून ते कसेबसे पाटावर टेकले आणि त्यांनी आईचा पाय हातात घेतला. आईनं झटकन मागं ओढला. टाचांना भेगा, भेगांत काळ्या रेघा, आयुष्यभर उभ्यानं काम केलेले पाय ते. पेत्रानंही आधी नाहीच म्हटलं होतं ना? बाबांनी काही न बोलता पाय परत ओढून घेतला, अंगठ्यानं एकेक भेग चोळली, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी पंचानं टिपलं. आम्ही भावंडं बघतच राहिलो. त्या अध्यायावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली असतील, पण तो मला समजला तो त्या परातीजवळ. तू नवऱ्याचे धू, तो तुझे धुवेल, बाळाची पावलं दोघं मिळून धुवा. आणि मग गॅलरीत जाऊन वर बघ. पौर्णिमा जवळपासच असते, गेथशेमाने बागेवर त्या रात्री असाच चंद्र असणार.

गुड फ्रायडेचं तुला अवघड वाटतं, कारण आपल्याकडे बारा ते तीन सात शब्दांची उपासना, सात जणांचे सात संदेश, मधे गीतं. ते सगळं घरी होणार नाही आणि करायलाही जाऊ नकोस. बाळ तीन तास गप्प बसणार आहे थोडंच? सातही उद्गार एकेक करून घे. मी वॉर्डात औषधांच्या राउंडच्या मधल्या वेळात घ्यायचे. कागदावर संदर्भ लिहून खिशात ठेवायचे. लूक २३:३४, मारणाऱ्यांसाठी मागितलेली क्षमा. इथं ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याचं नाव मनात आण. लूक २३:४३, शेजारच्या चोराला दिलेला शब्द. योहान १९:२६ आणि २७, आईची सोय. हे वाचून झालं की आईला फोन लाव, नाहीतर सासूबाईंच्या जवळ जाऊन बस. मत्तय २७:४६, देवानंच टाकून दिल्याचा आक्रोश. इथं काही बोलू नकोस, काही समजावू नकोस, नुसती थांब. योहान १९:२८, तहान. मार्च-एप्रिलची दुपार असते. दाराबाहेर पाण्याचा माठ ठेव आणि कुरिअरवाल्याला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना हाक मारून पाणी दे. योहान १९:३०, काम पुरं झालं. लूक २३:४६, आत्मा पित्याच्या हाती. सुरू करताना लावलेली मेणबत्ती तीनला विझव.

उपासाचंही सांगते. बाळाला अंगावर पाजतेस, तेव्हा तुला उपास नाही. नाही म्हणजे नाही. कॅथलिक मंडळींतसुद्धा लहान मुलं, आजारी माणसं, गरोदर आणि पाजणाऱ्या बाया यांच्यावर उपासाची सक्ती नसते. तू मोबाइलचा उपास कर, चिडचिडीचा कर. तो जास्त कठीण आहे, मी करून बघितलाय.

शनिवारी काही करायचं नाही. घर झाडून घे, आवाज कमी ठेव, लवकर झोप.

आणि ईस्टरला उजाडायच्या आत ऊठ. बाळामुळे जाग येतेच, तिचा फायदा घे. आपल्याकडे पहाटे दफनभूमीत कबरींच्या मधे उभं राहून उपासना होते, ते वातावरण घरी येणार नाही, कबूल. पण पहिल्या ईस्टरला तरी कुठं गर्दी होती? काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन अंधारात निघाल्या होत्या, एवढंच. गच्चीवर जा, पूर्वेकडे तोंड कर, योहान २० मोठ्यानं वाच. मग घरात येऊन सगळे दिवे लाव, सगळ्या खिडक्या उघड, गोडाचं कर. शिरा कर, पुरणपोळी कर, अंडी रंगवायला शेजारच्या पोरांना बोलाव. आणि आधीपासून ठरवलेल्या माणसाला सकाळी सहाला फोन लाव. मी उचलते, काळजी करू नकोस.

नाताळला तुला फारसं शिकवायला नको. करंज्या-चकल्यांचा घाणा काढायला बसलीस की घरातच सण येतो. एवढंच ध्यानात ठेव, की नाताळच्या ज्या गोष्टी आपण चर्चच्या समजतो, त्यांतल्या कितीतरी चर्चच्या भिंतीबाहेर जन्मल्या. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गोठ्याचा देखावा मांडला तो डोंगरातल्या गुहेत, खरा बैल आणि खरं गाढव आणून. आगमनकाळाचं मेणबत्त्यांचं चक्र १८३९ साली हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या पाळकानं केलं ते गरीब मुलांच्या आश्रमात. नाताळ किती दिवसांवर आला म्हणून पोरं सारखी विचारायची, तेव्हा त्यानं एका चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. तुला चार पणत्या पुरतात. ताटात मांड, दर रविवारी एक जास्त लाव. एकतीसच्या रात्री अकराच्या पुढं दोघं बसा, वर्षभरातल्या उपकारांची एकेक करून नावं घ्या, आणि वचनपेटीतून नव्या वर्षाचं वचन काढा.

समजा त्या दिवशीच बाळ तापलं, लाइट गेली, पाहुणे आले. तरी घाबरू नकोस, पंचांगातच सोय आहे. नाताळ एका दिवसाचा नाही, ६ जानेवारीच्या मागी लोकांच्या दिवसापर्यंत बारा दिवसांचा आहे. ईस्टर तर पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो. २५ला ड्युटी लागली की मी २७ला खोलीवर नाताळ करायचे, आणि तो शिळा नसायचा.

आता मोबाइलवरच्या उपासनेबद्दल. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ईस्टर १२ एप्रिलला आला आणि सगळ्यांनाच ती सवय झाली. चांगली सोय आहे, आपल्याच पाळकांचा आवाज ऐकू येतो. पण मेथी निवडत उपासना बघू नकोस. आंघोळ कर, धुतलेली साडी किंवा ड्रेस घाल, मोबाइल हातात न धरता टेबलावर उभा करून ठेव, ते उभे राहतील तेव्हा तूही उभी राहा, गीत लागलं की तोंड उघडून म्हण. आणि ती संपली तरी आपलं एक वाचन, एक काम, एक माणूस हे बाकी आहे, हे विसरू नकोस. नुसतं बघितलं म्हणजे पाळलं असं होत नाही.

गाण्याची तर आपल्याला काही कमी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं ‘उपासना संगीता’त आहेत, आणि त्यांतली कितीतरी अभंगाच्या, भजनाच्या चालीची. त्यांना ऑर्गन लागत नाही, टाळ्यांचा ठेका पुरतो. बाळाला थोपटताना म्हटली तरी शोभतात. शिवाय लेंटमध्ये रोज थोडं थोडं वाचायला ‘ख्रिस्तायन’ घे; टिळकांनी सुरू केलेलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. लक्ष्मीबाईंनी हे काम घरसंसार सांभाळतच केलं, हे वाचताना ध्यानात असू दे. सोप्या गद्यात हवं असेल तर फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. आणि फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, चारशे वर्षांपूर्वी, आपल्या ओवीत. आपल्या भाषेत एवढी शिदोरी आहे, ती घरी बसणाऱ्यांनी नाही उघडायची तर कुणी?

एक गोष्ट मात्र घरी करू नकोस. प्रभुभोजन. बिस्किट आणि द्राक्षाचा रस घेऊन आपलं आपणच उरकायचं, असं काही जण करतात. मला ते पटत नाही, आणि बहुतेक मंडळ्यांची शिस्तही तशी नाही. ते मंडळीबरोबर, पाळकांच्या हातून घ्यायचं. ती उणीव उणीवच राहू दे. बेचाळिसावं स्तोत्र वाच; लोकांच्या मेळ्याबरोबर देवाच्या घरी जायचे ते दिवस आठवून झुरणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र आहे. ती ओढ लपवायची नाही, तिचंच स्तोत्र करायचं असतं. घरी करायचंच असेल तर प्रीतिभोजन कर. भाकरी मोड, आभार मान, सगळ्यांना वाट, शेजारणीलाही बोलाव.

शेजारणीवरून आठवलं. ज्यांचं लग्न दुसऱ्या धर्मात झालंय त्या मुली मला विचारतात, सासरी सण कसा पाळू? भांडून नको आणि चोरूनही नको. पहाटेची पंधरा मिनिटं आपली ठेवायची, सरळ सांगून ठेवायची, आणि फराळाचं ताट सगळ्यांत आधी सासूबाईंच्या हातात द्यायचं. त्यांच्या दिवाळीला तू पहाटे उठतेस, तुझ्या नाताळला त्या एक करंजी मोडतील. बहुतेक ठिकाणी यानं भागतं. नाही भागलं, तर वाचन मनातल्या मनात कर. देवाला कमी ऐकू येत नाही.

हे सगळं सांगितलं म्हणून घरची सवय लावून मात्र घेऊ नकोस, हं. मी असल्या दोघी-तिघी पाहिल्यात. बाळ मोठं झालं, बदली परत झाली, चर्च पाच मिनिटांवर आलं, तरी या आपल्या सोफ्यावरच. मोकळीक अडचणीसाठी असते, आळसासाठी नाही. ज्या दिवशी जाता येईल त्या दिवशी जायचं, लेकरू रडलं तर रडू दे. मंडळीला रडणारी लेकरं चालतात.

आणि आता माझ्याशी बोलून झालं की पाळकांना फोन कर. तुम्ही तिथं आहात हे त्यांना ठाऊकच नसेल, तर ते येणार कसे? आजारी, अडलेल्या, लांब राहणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन प्रभुभोजन देणं हे त्यांच्या सेवेतलंच काम आहे, उपकार नाही. त्या भागात आपली आणखी कोणकोण कुटुंबं आहेत तेही विचार. सरकारी नोकरीतलं, शाळेतलं, दवाखान्यातलं एखादं घर हमखास निघतं. दोन घरं एकत्र आली की एकाच्या ओसरीचं चर्च झालंच. घराचा पत्ता, एसटी कुठून मिळते, कुठं उतरायचं, सगळं नीट सांग. फोन आजच कर, ईस्टर तोंडावर येईपर्यंत थांबू नकोस. त्या आठवड्यात पाळकांना श्वास घ्यायला फुरसत नसते.